वडिलांची बंदूक भारतातून अमेरिकेत न्यायची असेल तर कोणतं काम आधी करायचं आणि कोणतं शेवटी

वडील गेले, गावाकडच्या घरात बारा बोरची डबल बार बंदूक आहे, भाऊ-बहिणी म्हणतात तूच घेऊन जा, आणि हा मुलगा न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये बसून पहिला प्रश्न विचारतो की कोणती एअरलाइन बंदूक घेते. इथेच चुकतं. एअरलाइन हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. आधी तुम्ही स्वतः पात्र आहात का, मग ती बंदूक पात्र आहे का, मग भारतात ती तुमच्या नावावर येते का, मग अमेरिकेचं परमिट, मग भारतातून बाहेर काढायची परवानगी, आणि या सगळ्यानंतर तिकीट. हा क्रम उलटा झाला की लोकांची रजा संपते, बंदूक पोलीस स्टेशनच्या मालखान्यात राहते, आणि कधीकधी विमानतळावर गुन्हा दाखल होतो. चांगल्या घरातली, कधी कोर्टाची पायरी न चढलेली माणसं यात अडकतात म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

हे सगळं भारत ते अमेरिका या एकाच दिशेबद्दल आणि कायमस्वरूपी नेण्याबद्दल आहे. शूटिंगच्या स्पर्धेसाठी तात्पुरती नेण्याचे नियम वेगळे असतात, ते यात मिसळू नका.

१. आधी स्वतःला तपासा

अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मुळात बंदी आहे. म्हणजे एच-१बी, एल-१, एफ-१ वाले सगळे यात आले. घर स्वतःचं असो, तिकडे पंधरा वर्षं टॅक्स भरत असा, ग्रीन कार्डच्या रांगेत कितीही पुढे असा, व्हिसा नॉन-इमिग्रंट आहे तोपर्यंत बंदी लागू. एखाद्या राज्याचं शिकारीचं वैध लायसन्स असेल तर अपवाद आहे, पण वडिलोपार्जित बंदूक कायमची आणायची तर फक्त त्या अपवादाच्या भरवशावर कोणी पुढे जावं असं मला वाटत नाही, कारण ते लायसन्स लॅप्स झालं की त्या दिवसापासून घरात पडलेली बंदूक हाच गुन्हा. ग्रीन कार्ड होईपर्यंत ती भारतातच कायदेशीर ठिकाणी ठेवा.

ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर पुढे या. तरी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे पूर्वीची कोर्टातली शिक्षा, त्यात घरगुती हिंसाचाराची छोटी केस सुद्धा धरली जाते. दुसरी म्हणजे गांजा. तुमच्या राज्यात तो दुकानात मिळत असेल, पण फेडरल कायद्यात गांजा घेणाऱ्याला बंदूक ठेवता येत नाही आणि तिकडच्या फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारलेला असतो.

मग राज्याचा कायदा. न्यू जर्सीत रायफल-शॉटगन घ्यायला आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड लागतं, कॅलिफोर्नियात डीलरकडून बंदूक हातात यायला दहा दिवसांचा वेटिंग पीरियड आहे. टेक्सासमध्ये असं कार्ड काढावं लागत नाही. तुमच्या राज्याला जे लागतं ते आधी हातात घ्या, कारण बंदूक तिकडे पोचल्यावर कार्डासाठी अर्ज केलात तर ती तोपर्यंत डीलरकडेच अडकून राहणार.

तपासा: इमिग्रेशन स्टेटस, जुन्या केसेस, राज्याचं कार्ड. यातलं एक जरी अडलं तर पुढच्या पायऱ्यांवर पैसे घालू नका.

२. बंदूक आत्ता कुठे आहे?

लायसन्सधारक वारल्यावर ती बंदूक घरच्यांकडे कायदेशीर राहत नाही. लायसन्स माणसाला असतं, घराला नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम २१ नुसार ती विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्स असलेल्या शस्त्र-विक्रेत्याकडे जमा करायची असते. आपल्याकडे काय होतं, तेराव्यापर्यंत कोणाला आठवत नाही, मग वर्षश्राद्ध होतं, मग कोणीतरी म्हणतं अरे ती माळ्यावर आहे ना अजून. तोपर्यंत घरात बिनपरवाना शस्त्र आहे आणि जबाबदारी त्या घरात राहणाऱ्या माणसावर, बऱ्याचदा आईवर येते. तेव्हा उशीर झाला असेल तर लपवू नका, मृत्यूचा दाखला आणि मूळ लायसन्स घेऊन जमा करा, सोबत लेखी अर्ज द्या.

जमा करताना पावती घ्यायची, आणि पावतीवर काय लिहिलंय ते तिथेच उभं राहून वाचायचं. "एक डबल बार बंदूक, जुनी वापरती" एवढंच लिहिलेली पावती काही कामाची नाही. मेक, बोर, नंबर, दोन्ही नळ्यांची लांबी, सोबत दिलेली काडतुसं किती, हे सगळं पावतीवर यायला हवं. जमा करायच्या आधी फोटो काढून ठेवा, नंबर स्पष्ट दिसेल असे जवळून.

मला विचाराल तर पोलीस स्टेशनपेक्षा लायसन्सवाल्या डीलरकडे ठेवणं बरं. थोडं भाडं जातं पण तेलपाणी होतं. मालखान्यात कोकणातल्या दोन पावसाळ्यांनंतर बंदूक कशी होते ते बघितलेल्या कोणालाही विचारा.

सावधान: जमा केली म्हणजे कायमची सुरक्षित असं नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने लायसन्स घेऊन ती परत घेतली नाही किंवा कायदेशीर विकली नाही तर जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. मुदत लेखी विचारून घ्या.

३. बंदुकीची ओळख पटवा

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर सगळे कागद याच्यावरच फिरतात. आधी बंदूक रिकामी आहे ना ते जाणकाराकडून बघून घ्या. मग डीलरला नळ्या उतरवायला सांगा. जुन्या विलायती डबल बारमध्ये नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या की नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर बरंच काही कोरलेलं दिसतं. बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाऊसचे (नळी दाब सोसते का ते तपासणारी संस्था) छोटे मुकुटाचे शिक्के, बोरचा आकडा, काहींवर "नायट्रो प्रूफ" (म्हणजे आजच्या धूरविरहित दारूसाठी तपासलेली) असे शब्द, आणि चेंबरची म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाची लांबी. नंबर मात्र एकाच जागी नसतो, ट्रिगर गार्डच्या शेपटीवर, नळ्यांवर आणि पुढच्या लाकडी भागाच्या लोखंडावर असा तिन्हीकडे असू शकतो, आणि तिन्ही जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर कधीतरी नळी बदललेली आहे.

आता वडिलांचं लायसन्स उघडा आणि त्यावरचा नंबर जुळवा. इथे हमखास सापडणाऱ्या चुका अशा. लायसन्सवर नळीचा नंबर लिहिलाय आणि बॉडीवर वेगळा आहे. किंवा पूर्वीच्या कारकुनाने "पेटंट नं." पुढचा आकडा सिरियल नंबर समजून उतरवलाय. किंवा ३ चा ८ झालाय. भारतात पन्नास वर्षं कोणाला काही फरक पडला नसेल, पण अमेरिकन परमिटवर एक नंबर आणि बंदुकीवर दुसरा असेल तर कस्टम्स ती सोडणार नाही. दुरुस्ती करायची ती आत्ता, भारतातल्या लायसन्सवर, जिल्ह्याच्या शस्त्र परवाना विभागात अर्ज करून, डीलरचं तपासणीपत्र जोडून.

एका कागदावर हे लिहून काढा: मेक, कोणत्या देशात बनली, प्रकार, बोर, मॉडेल असल्यास मॉडेल, सिरियल नंबर, नळीची लांबी इंचात, एकूण लांबी इंचात. पुढे प्रत्येक फॉर्ममध्ये हेच उतरवायचं, स्पेलिंगसकट तेच.

चेंबरची लांबी का बघायची ते पण सांगतो. जुन्या विलायती बारा बोरमध्ये चेंबर बऱ्याचदा अडीच इंचाचा असतो आणि अमेरिकेत दुकानात सहज मिळणारं काडतूस पावणेतीन किंवा तीन इंचाचं. लांब काडतूस आत बसतं सुद्धा, म्हणूनच जास्त धोका, कारण उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ज्या नळ्यांवर नायट्रो प्रूफ नाही, किंवा ज्या दमास्कस म्हणजे पट्ट्या वळून केलेल्या नळ्या आहेत, त्यात आजचं काडतूस घालायचंच नाही.

.३१५ ची इशापूर रायफल असेल तर तिकडे तिचं काडतूस दुकानात सहज मिळत नाही हे धरून चाला. रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल असेल तर अमेरिकेत इम्पोर्टसाठी आकार, वजन, सेफ्टी यावर गुण देण्याची वेगळी पद्धत आहे आणि छोट्या नळीचं रिव्हॉल्वर त्यात नापास होऊ शकतं. .३०३ सारख्या लष्करी बोरचं प्रकरण दोन्ही देशांत वेगळंच, त्याला वकील लावा.

४. वय किती? इथे बऱ्याच फाइली बंद होतात

अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अँटिक धरली जाते आणि तिला एटीएफचं (बंदुकांवर नियंत्रण ठेवणारं अमेरिकेचं फेडरल खातं) इम्पोर्ट परमिट लागत नाही. हे वाचून लोक खूश होतात की पणजोबांची ठासणीची बंदूक सहज जाईल. पण भारतात पुरातन वस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ आहे. १०० वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरातन वस्तू ठरू शकते, आणि पुरातन वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही. फी भरून नाही, परवानगी काढूनही नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. थोडक्यात जी बंदूक अमेरिका विनापरमिट घेते, तिला भारत सोडत नाही.

म्हणून बंदूक जुनी वाटत असेल तर आर्किऑलॉजिकल सर्व्हेकडून नॉन-अँटिक्विटी सर्टिफिकेट काढा. प्रूफचे शिक्के आणि सिरियल नंबरावरून बनल्याचं साल काढता येतं, मेकरची जुनी रेकॉर्ड्स असतील तर त्यांचं पत्र मिळतं, ते जोडा. १०० वर्षं झाली असतील तर इथेच थांबायचं. बंदूक निकामी आहे, उडत नाही, नुसती भिंतीवर लावायची आहे, हा मुद्दा आर्म्स ॲक्टमध्ये चालू शकतो, कारण दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या शस्त्राला कलम ४५ मध्ये सूट आहे, पण पुरातन वस्तूच्या कायद्यात त्याचा काही उपयोग नाही.

थांबा: नळी वेगळी, दस्ता वेगळा, लॉक वेगळं असं तीन नातेवाइकांच्या बॅगांतून पाठवायचा सल्ला कोणीतरी देतंच. शस्त्राचे सुटे भाग हे पण कायद्यात शस्त्रच आहेत. या सल्ल्यापायी तीन जण एकदम अडकतील.

५. भारतात ती तुमच्या नावावर आली पाहिजे

इथला मुद्दा सरळ आहे, जी बंदूक तुमची नाही ती तुम्ही देशाबाहेर नेऊ शकत नाही, आणि आईने किंवा भावाने तोंडी "दिली" म्हणून ती तुमची होत नाही.

वडील हयात असतील तर गोष्ट सोपी आहे आणि माझं आग्रहाचं सांगणं आहे की तेव्हाच करा. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे लायसन्सधारकाचं वय ७० झालं असेल किंवा त्याने ती बंदूक २५ वर्षं बाळगली असेल, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या कायदेशीर वारसाचं नाव देऊ शकतो आणि त्या वारसाला लायसन्स मिळू शकतं. बाबा स्वतः सही करायला, ऑफिसला यायला आहेत, बाकी भावंडं समोर आहेत, सगळे कागद त्यांच्या कपाटात कुठे आहेत ते त्यांना माहीत आहे. नंतर यातली प्रत्येक गोष्ट शोधत बसावं लागतं.

वडील गेले असतील तर कायदेशीर वारस म्हणून अर्ज. अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, ऑनलाइन एनडीएएल-अलिस या सरकारच्या शस्त्र परवाना पोर्टलवर, आणि हार्ड कॉपी जिल्हाधिकारी कार्यालयात, शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर आयुक्तांकडे. साधारण हे लागतं:

- मृत्यूचा दाखला आणि वडिलांचं मूळ लायसन्स, त्यावर यूआयएन (प्रत्येक लायसन्सधारकाला मिळणारा ओळख क्रमांक) आहे का ते बघून
- वारस प्रमाणपत्र किंवा मृत्युपत्र
- बाकी सगळ्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र
- जमा केल्याची पावती
- तुमचा पत्ता, ओळख, फोटो, मेडिकल सर्टिफिकेट
- शस्त्र हाताळण्याच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट

वारसांच्या बाबतीत दोन ठिकाणी घोळ होतो. सातबाऱ्यावरची वारसनोंद जमिनीपुरती असते, ती दाखवून बंदुकीचं काम होत नाही. आणि लग्न झालेल्या बहिणीची सही राहते. "तिला काय करायचंय बंदूक" म्हणून तिला विचारतच नाहीत, मग फाइल सहा महिन्यांनी परत येते. परदेशातल्या भावंडांनी प्रतिज्ञापत्र तिकडच्या नोटरीकडे करून त्यावर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपॉस्टिल (परदेशात कागद मान्य व्हावा म्हणून मिळणारा अधिकृत दाखला) घ्यायचं, नुसती नोटरी इथे कोणी मानत नाही.

सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे बऱ्याच घरी शेतीसंरक्षणाचं लायसन्स असतं. ते दिलं जातं पिकाच्या राखणीसाठी. तिकडे शेती न करणाऱ्या, परदेशात राहणाऱ्या मुलाने त्याच कारणावर मागितलं तर प्रश्न येणार, म्हणून अर्जात वारसाहक्काचा आधार स्पष्ट लिहा आणि बंदूक पुढे कायदेशीर परवानगीने परदेशी न्यायची आहे हे पण लपवू नका. आधी एक कारण आणि नंतर दुसरं कारण सांगितलं की तेच कागद तुमच्या विरोधात उभे राहतात.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसाने आली तरी मर्यादा तीच. घरात तीन असतील तर तिन्ही एकट्याच्या नावावर येणार नाहीत.

लायसन्स मिळताना एरिया व्हॅलिडिटी बघा. लायसन्स जिल्ह्यापुरतं, महाराष्ट्रापुरतं किंवा संपूर्ण भारतासाठी असतं. नुसतं महाराष्ट्राचं असेल आणि फ्लाइट दिल्लीहून असेल तर दिल्लीत पाऊल ठेवताच तुमचं लायसन्स लागू नाही. मुंबईहून थेट जाणार असाल तर चालेल, नाहीतर ऑल इंडिया मागून घ्या.

आणखी एक, निवडणूक. आचारसंहिता लागली की लायसन्सच्या बंदुका बऱ्याचदा पोलीस स्टेशनला जमा करून घेतात आणि निकालानंतर परत देतात. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, आपल्याकडे काही ना काही चालूच असतं. सुट्टीच्या तारखा ठरवायच्या आधी तालुक्याला फोन करून विचारा.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि कलम १८ खाली मुदतीत अपील करा. बऱ्याचदा नकार हा कागद कमी असल्याचा असतो.

६. अमेरिकेचं इम्पोर्ट परमिट, म्हणजे फॉर्म ६

१८९८ नंतर बनलेल्या बंदुकीसाठी एटीएफचं फॉर्म ६ मंजूर झाल्याशिवाय ती भारतातून हलवायची नाही. "पोचल्यावर भरू" असं काही नसतं.

साध्या माणसाने हे स्वतःच्या नावाने करण्यापेक्षा तुमच्या राज्यातल्या एफएफएल म्हणजे लायसन्सवाल्या डीलरमार्फत करायचं असतं. मोठा इम्पोर्टरच हवा असं नाही, गिऱ्हाईकाच्या वैयक्तिक वापरासाठी क्वचित एखादी बंदूक आणून देणं साधा डीलर पण करू शकतो. अडचण ही की बऱ्याच डीलरनी आयुष्यात कधी फॉर्म ६ भरलेला नसतो आणि ते नाही म्हणतात. चार-पाच जणांना फोन करा, "तुम्ही याआधी फॉर्म ६ केलाय का" हा पहिला प्रश्न. फी आधी लेखी ठरवा.

फॉर्ममध्ये तिसऱ्या पायरीत काढलेला तुमचा कागद जसाच्या तसा उतरतो. परदेशातून पाठवणारा कोण हा रकाना असतो, तिथे भारतातल्या लायसन्सवर जे नाव आहे तेच जायला हवं, म्हणून पाचवी पायरी आधी. मराठीतल्या लायसन्सचं, वारस प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर करून सोबत ठेवा. शॉटगनची नळी १८ इंचांहून आणि रायफलची १६ इंचांहून छोटी नको, नाहीतर ती वेगळ्याच कडक कायद्यात जाते. गावाकडे कोणी हौसेने नळी कापलेली असेल तर अमेरिकेचा विषयच संपला, आणि भारतातही ते गंभीर आहे.

मंजुरीला साधारण दोनेक महिने धरा. मंजूर परमिट दोन वर्षं चालतं, त्यामुळे भारतातलं काम मागेपुढे झालं तरी हातात वेळ राहतो.

तपासा: मंजूर परमिट आलं की नंबर, बोर, नळीची लांबी एकेक अक्षर वाचा. टायपिंगची चूक असेल तर बंदूक भारतात असतानाच दुरुस्त करून घ्या.

७. भारतातून बाहेर काढायची परवानगी

आर्म्स ॲक्ट कलम १० प्रमाणे शस्त्र देशात आणायला किंवा बाहेर न्यायला लायसन्स लागतं. त्याच कलमात सूट आहे की ज्याला ते शस्त्र बाळगायचा हक्क आहे तो स्वतःच्या खासगी वापरासाठी, वाजवी प्रमाणात, वेगळ्या लायसन्सशिवाय ते सोबत नेऊ शकतो. लोक एवढंच वाचतात आणि विमानतळावर जातात. पुढचं पोटकलम कोणी वाचत नाही. कस्टम्सला या सुटीबद्दल, प्रमाणाबद्दल किंवा वापराबद्दल शंका आली तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत ते शस्त्र अडवून ठेवू शकतात. आदेश तुमच्या फ्लाइटच्या आधी येत नसतो.

म्हणून रस्ता निवडा. सोबत नेणार असाल तर लायसन्स, नॉन-अँटिक्विटी सर्टिफिकेट, मंजूर फॉर्म ६ यांच्या कॉप्या जोडून कस्टम्सला आणि परवाना देणाऱ्या ऑफिसला आधी लेखी कळवा आणि लेखी उत्तर घ्या. कार्गोने पाठवणार असाल तर भारतातल्या लायसन्सवाल्या डीलरकडून निर्यात लायसन्स काढून थेट तुमच्या एफएफएलला जाते. शस्त्रांचे काही प्रकार डीजीएफटीच्या (केंद्राचं परदेशी व्यापार खातं) स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या यादीत येतात, तेव्हा आपली बंदूक त्यात बसते का हे डीलर किंवा कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या. कार्गोला पैसे जास्त जातात. तरी मी कार्गोच सुचवेन, कारण फॉर्म ६ डीलरच्या नावावर असतं, तिकडे माल पण त्याच्याच नावाने सुटतो, आणि तुम्ही रात्री दोन वाजता काउंटरवर एकटे उभे नसता.

पोस्टाने, कुरिअरने, घरसामानाच्या कंटेनरमध्ये चादरीत गुंडाळून अजिबात नाही.

८. प्रवास, सोबत नेणार असाल तर

आता एअरलाइन. तिकीट काढायच्या आधी त्यांच्याकडून लेखी होकार घ्या, कॉल सेंटरवाल्याचं "यस सर" चालत नाही. फ्लाइट थेट हवी. आखातातून किंवा युरोपातून बदलून जाणारी स्वस्त फ्लाइट घेतलीत तर मधल्या देशाचा शस्त्र कायदा पण तुम्हाला लागू होतो, बंदूक तुमच्या हातात येवो न येवो.

बंदूक रिकामी, कुलूप लावलेल्या कडक पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर तोंडी आणि लेखी जाहीर करून. वेळ भरपूर ठेवा, पोलीस, कस्टम्स, सिक्युरिटी सगळे बघणार. मूळ लायसन्स हँडबॅगेत, पेटीत नाही.

काडतुसं नेऊच नका. आंतरराष्ट्रीय नियमात पाच किलोपर्यंत स्पोर्टिंग काडतुसं एअरलाइनच्या मंजुरीने नेता येतात, पण जुनी, दमट काडतुसं घेऊन कशाला जायचं, ती भारतातच डीलरला किंवा पोलिसांना पावती घेऊन द्या.

सावधान: वडिलांची शिकारीची पिशवी, जुनं जॅकेट, कमरेचा पट्टा, बंदुकीचं जुनं कव्हर हे आठवण म्हणून सामानात टाकू नका, निदान प्रत्येक खिसा आणि शिवण उलटी केल्याशिवाय तरी नाही. अस्तरात गेलेलं एक काडतूस स्कॅनरमध्ये दिसलं की सगळे परवाने हातात असून पोलीस स्टेशन गाठावं लागतं. प्रवासाला नवीन बॅग घ्या.

९. उतरल्यावर

कस्टम्सच्या पहिल्या अधिकाऱ्यालाच सांगा की सामानात बंदूक आहे आणि हे परमिट. मंजूर फॉर्म ६ सोबत फॉर्म ६ए लागतो, बंदूक सोडताना अधिकारी त्यावर प्रमाणित करून देतो आणि त्याची प्रत डीलरमार्फत १५ दिवसांत एटीएफला परत जाते. परमिट डीलरच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र तुमच्याकडे हवं, आणि कोणत्या विमानतळावर उतरणार ते त्याला आधी सांगितलेलं हवं.

तिथून बंदूक घरी नाही, डीलरकडे. तो फॉर्म ४४७३ (डीलरकडून बंदूक घेताना भरायचा फेडरल फॉर्म) भरून घेतो, बॅकग्राउंड चेक होतो, राज्याचा वेटिंग पीरियड असेल तर तो संपतो, मग ती तुमची. घरी लहान मुलं असतील तर लॉक होणारी कपाटपेटी त्याआधी आणून भिंतीला बसवून ठेवा. वापरायच्या आधी चेंबर आणि नळ्या तिकडच्या गनस्मिथकडून मोजून घ्या, भारतातल्या डीलरने बघितलं असलं तरी.

भारतातलं लायसन्स तसंच सोडू नका. बंदूक देशाबाहेर गेल्याची नोंद करायला जिल्हाधिकारी कार्यालयात निर्यातीचे आणि कस्टम्सचे कागद जोडून अर्ज द्या, पोच घ्या. नाहीतर पुढच्या निवडणुकीत गावचे पोलीस "बंदूक जमा करा" म्हणून आईच्या दारात उभे राहतील आणि तिच्याकडे दाखवायला काहीच कागद नसेल.

१०. मध्येच अडलं तर

शंभरी ओलांडलेली बंदूक, एच-१बी, न जुळणारे नंबर किंवा सही न देणारा भाऊ, यातलं काहीही असलं तरी बंदूक वाऱ्यावर सोडायची नाही. गावात राहणाऱ्या, शेती करणाऱ्या भावाच्या किंवा पुतण्याच्या नावावर वारस म्हणून लायसन्स करून देणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. कोणीच घेणार नसेल तर परवानगीने लायसन्सवाल्या डीलरला विकून ती रक्कम वारसांत वाटा, विक्रीची पावती आणि वडिलांचं लायसन्स रद्द केल्याचं पत्र दोन्ही फाइलला लावा.

ग्रीन कार्ड दोन-चार वर्षांत होणार असेल आणि थांबायची तयारी असेल, तर लायसन्स भारतात नावावर करून बंदूक डीलरकडे ठेवता येते, पण लायसन्सची मुदत पाच वर्षांची असते आणि रिन्यूअलची तारीख तुम्हालाच लक्षात ठेवावी लागेल. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये सहा महिने आधीची टाका, गावात असलेल्या एका माणसाच्या फोनमध्ये पण टाका, आणि त्या माणसाकडे लायसन्सची झेरॉक्स आणि डीलरची पावती ठेवा.